मेजरचा ताबा

नाव : प्रभंजन वामन हळियाळकर. हुद्दा : रेकॉर्ड-कीपर. मूळ राहणार : दाजीबानपेठ, हुबळी. हल्ली राहणार : सप्तापूर, धारवाड. उंची : अनवाणी पाच फूट चार इंच. वर्ण : निमगोरा. शरीरावरील ओळखीच्या खुणा : (१) डाव्या पोटरीवर कुत्र्याच्या चाव्याचा जुना व्रण, (२) उजव्या मनगटावर कुत्र्याच्या चाव्याचा व्रण, दोन ठिपके, सन १९३७. वर्तणूक : समाधानकारक. सदर इसमाच्या ताब्यातील एकही कागद एकोणतीस वर्षांच्या नोकरीत गहाळ झालेला नाही.

सर्व्हिस बुकात माणूस एवढाच मावतो. भीती नावाचा रकाना त्यात नाही. असता तर प्रभंजनरावांना पुरवणी जोडावी लागली असती.

प्रभंजन म्हणजे सोसाट्याचा वारा. आमच्या प्रभंजनरावांना कचेरीतल्या पंख्याचा वारा लागला तरी पडसं होई. विहिरीच्या काठापासून ते चार हात लांब उभे राहत, आभाळात वीज चमकली की लोखंडी कपाटाला हात लावत नसत. पण ही किरकोळ भीती झाली. त्यांची खरी भीती एकच होती. सप्तापुराहून कचेरीला सरळ रस्त्याने वीस मिनिटं लागतात. त्यांना पस्तीस लागत, कारण वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याची बसायची जागा त्यांना पाठ होती आणि त्याप्रमाणे ते गल्ल्या बदलत. मी त्याच कचेरीत कागदांच्या नकला उतरवायला होतो आणि राहायला त्यांच्या शेजारी. म्हणून काही दिवस त्यांच्याबरोबर निघत असे. नंतर मी सरळ रस्त्याने जाऊ लागलो.

त्यांच्या भीतीला कारण होतं, हे मला फार पुढे कळलं. १८९८ सालच्या उन्हाळ्यात दाजीबानपेठेत, कापडाच्या दुकानांमागच्या बोळात, एका कुत्र्याने दोन भावांना धरलं. नऊ वर्षांच्या प्रभंजनाची पोटरी फाटली. बारा वर्षांचा लक्ष्मण धाकट्याला सोडवायला गेला, त्याच्या बोटांना नुसतं खरचटलं. वैद्याने दोघांना एकाच वाटीतून एकच काढा पाजला आणि सांगितलं, चाळीस दिवस गेले की भीती नाही. घरातली सगळी माणसं प्रभंजनाच्या पोटरीकडे बघत बसली. अडतिसाव्या दिवशी लक्ष्मणाने पाणी मागितलं, फुलपात्र ओठांशी नेलं आणि भिंतीवर भिरकावलं. चाळिसाव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून पाणी पिण्याआधी फुलपात्राकडे क्षणभर बघत राहायची प्रभंजनरावांना सवय लागली. कचेरीत आम्ही समजत होतो, ते पाण्यात किडे शोधतात.

अशा माणसाच्या गळ्यात कुत्रा पडला तो त्याच्या लौकिकामुळे.

१९३७ च्या हिवाळ्यात आमचे साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाले. त्यांच्याकडे मेजर नावाचा सहा वर्षांचा कुत्रा होता. रंगाने कचेरीतल्या चहासारखा, अंगाने वासराच्या जवळपास. जहाजावर त्याला नेता येत नव्हतं. साहेबांनी विचार केला की आपल्या हाताखालच्या माणसांत, दिलेली वस्तू कधीही न हरवणारा माणूस कोण. त्यांच्या विचारात चूक काढता येत नाही. त्यांनी प्रभंजनरावांना बोलावून मेजर सोपवला. नाही म्हणण्याची पद्धत प्रभंजनरावांना ठाऊक नव्हती. त्यांनी सवयीने पावती लिहून दिली : 'एक कुत्रा, वय सहा वर्षे, रंग तांबूस, चांगल्या स्थितीत मिळाला.' साहेबांनी उलट एक चिठ्ठी दिली. तिच्यात एवढंच होतं की कुत्रा घरात स्वच्छ राहतो.

आमचा म्हातारा पट्टेवाला रामू साखळी धरून पुढे आणि प्रभंजनराव रस्त्याच्या दुसऱ्या कडेने मागे, अशी मिरवणूक सप्तापुरात पोचली. दारात अनसूयाक्का उभ्या होत्या. अक्का म्हणजे प्रभंजनरावांची थोरली बहीण. लहानपणी विधवा झालेल्या, आणि प्रभंजनरावांची बायको गेल्यापासून ते घर त्यांच्याच सोवळ्यावर उभं होतं.

"प्रभ्या, काय आणलंस हे?"

"मी नाही आणलं, अक्का. रामूने आणलं."

"मग रामूच्या घरी जाऊ दे की."

"माझी सही झालीय."

अक्कांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग भावाच्या डाव्या पायाकडे. लक्ष्मण गेला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. "सही झालीय तर ओसरीवर बांध," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याच्या आत आलं तर मी नाही या घरात."

ओसरीवर मेजर दोन दिवस राहिला. जन्मभर तो बंगल्यात माणसांजवळ झोपलेला. ओसरीवर तो कळवळून रडे आणि साखळीतून मान सोडवून घेई. दुसऱ्या दिवशी तो सुटला. त्या साली पिसाळलेल्या कुत्र्यांचा बोभाटा झाला होता, आणि म्युनिसिपालटीने दवंडी पिटवली होती : बिल्ला नसलेला कुत्रा, अथवा बिल्ला असून मालक सोबत नसलेला कुत्रा, रस्त्यात दिसताच मारण्यात येईल. दर बुधवारी सकाळी एक बंदूकवाला आणि मागे एक बैलगाडी सप्तापुरातून फिरे. त्या दिवशी बुधवारच होता. रामूने मेजरला कॉलेजच्या फाटकापाशी धरलं तेव्हा गाडी वळणावर आली होती. गाडीच्या मागच्या फळीवरून चार-पाच शेपट्या लोंबत होत्या, असं रामूने येऊन सांगितलं. हे सांगण्याची गरज नव्हती.

"त्याला घरात घ्यावं लागेल, अक्का," प्रभंजनराव म्हणाले.

अक्का म्हणाल्या, "कालच एकादशी झाली. पुढच्या एकादशीपर्यंत शिकव. तोवर मी निस्तरते. त्यानंतर माझ्या घरात एकदा जरी त्याने घाण केली, तर ज्या दारातून आलं त्याच दारातून जाईल. मग बंदूक जाणे आणि ते जाणे."

म्हणजे तेरा दिवस उरले. मुदत देणाऱ्या बाई दिलेला शब्द फिरवत नसत. त्यांनी तो कुणाहीसाठी फिरवल्याचं उदाहरण मला ठाऊक नाही.

रामूने मेजरच्या गळपट्ट्याला पितळी बिल्ला तांब्याच्या तारेने बांधला. प्रभंजनराव स्वयंपाकघराच्या दारामागून बघत होते. तारेची दोन टोकं बाहेर राहिली. रामू ती पक्कडीने वळवू लागला तसा मेजरने मान हलवली.

"राहू दे, राहू दे," प्रभंजनराव आतून म्हणाले. "त्याला राग येईल."

"रागीट नाही ओ ते, रावसाहेब. गरीब आहे."

"गरिबालाच राग येतो. सोड."

रामूने सोडलं.

मग शिकवणी सुरू झाली. साहेबांची चिठ्ठी सांगत होती कुत्रा स्वच्छ आहे. पहिल्याच सकाळी माजघराच्या मधोमध कुत्रा ती खोटी पाडून बसला. अक्कांनी नाकाला पदर लावला, खापरीने घाण उचलली, जागा धुतली, शेणाने सारवली, वर गोमूत्र शिंपडलं आणि आंघोळीला गेल्या. दुसऱ्या दिवशी मेजरने तीच जागा निवडली. अक्कांनी शेण जास्त घेतलं. तिसऱ्या दिवशी तो दोनदा गेला.

कचेरीत ज्याला त्याला उपाय माहीत होता. कुणी म्हणालं नाक घासा, कुणी म्हणालं उपाशी ठेवा. प्रभंजनरावांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून उगारून पाहिली. मेजरने ती हळूच तोंडात धरली आणि त्यांच्या पायांशी आणून ठेवली. त्यांनी जे दात जवळून पाहिले ते त्यांना दोन दिवस जेवताना दिसत होते. मारण्याचा विचार त्यांनी सोडला. कुत्र्याशी ते बोलत ते मामलेदाराशी बोलावं तसं. "मेजर, बाहेर चला," असं म्हणत आणि स्वतः तीन पावलं मागे सरत. साखळी हातात न धरता छत्रीच्या मुठीत अडकवत, म्हणजे मध्ये छत्रीभर अंतर राही. अक्का चुलीपाशी बसून 'बाहेर हो, मेल्या' असं कानडीत ओरडत, "होरग नडी, मुंडेदे," आणि मेजर निमूट बाहेर जाई. बाहेर जाऊन तो परसात फिरे, झाडं हुंगे, काही न करता परत येई आणि माजघरात जाऊन मोकळा होई.

"हे मुद्दाम करतंय," अक्का म्हणाल्या. "देवघराच्या दारासमोर. ओसरीच्या फरशीवर एकदा तरी केलंय? नाही. पुढच्या खोलीत केलंय? नाही. सोवळ्यातली जागा तेवढी दिसते."

दुसरा बुधवार आला. सकाळी लांबून दोन बार ऐकू आले. मेजर माजघरातच होता, प्रभंजनरावांच्या डोळ्यांसमोर. तरी त्यांनी उठून साखळी खुंटीला नीट आहे का पाहिलं. त्या दिवशी कचेरीत त्यांनी एक निकालपत्र चुकीच्या कपाटात ठेवलं. दहा मिनिटांत स्वतःच काढलं, पण असं आधी घडलेलं नव्हतं.

घाबरलेला माणूस आपल्याला येतं ते करतो. प्रभंजनरावांना नोंदवही ठेवता येत होती. पहिल्या दिवसापासून त्यांनी ती ठेवली होती : तारीख, वेळ, ठिकाण, प्रकार, शेरा. मुदतीचे पाच दिवस उरले असताना ती वही ते मधल्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत उघडून बसले होते. मी आणि रामू तिथेच होतो. त्यांचं बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली खाली गेलं. प्रत्येक नोंदीपुढे एकच शेरा होता : 'जागा शेणाने सारवून शुद्ध केली.' आणि प्रत्येक पुढची नोंद त्याच जागेची होती.

"रामू," त्यांनी विचारलं, "बंगल्यावर हा कुठे जात असे?"

"तबेल्यामागं, ओ. गाईचं शेण टाकायचे तिथं. सकाळ-संध्याकाळ. तीच त्याची जागा."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं कुठं?"

प्रभंजनरावांनी वही मिटली. सहा वर्षं त्या कुत्र्याला शिकवलं होतं की शेणाचा वास येतो तिथे जायचं आणि इतर कुठेही नाही. तो शिकवल्याप्रमाणे वागत होता. फरशीची ओसरी, फरशीची पुढची खोली त्याने कधी बाटवली नाही. बाटेल तसं अक्का माजघर शुद्ध करत गेल्या, आणि जितकं ते शुद्ध होत गेलं तितकं मेजरला ते आपल्यासाठीच तयार ठेवलेलं वाटत गेलं.

कळलं हे खरं, पण अक्कांना सांगायचं कोणी? ते धाडस प्रभंजनरावांनी संध्याकाळी केलं, दाराची चौकट धरून.

"म्हणजे माझ्या सारवण्याने झालं म्हणतोस?"

"तुझ्याने नाही, अक्का. शेणाने."

"शेण पवित्र असतं."

"त्यालाही तसंच वाटतं. कारण वेगळं आहे."

अक्कांनी रागाने भांडी आपटली. पण भाऊ त्या दिवसांत भात अर्धा टाकून उठत होता, हे त्यांना दिसत होतं. सकाळी त्या मठात गेल्या आणि विचारून आल्या की शेणाऐवजी कावेने सारवलेलं चालतं का. अडचण असेल तर चालतं, असं उत्तर मिळालं. अडचणीला चार पाय आहेत हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिकडून कोणी विचारलं नाही. माजघर खरवडून तांबड्या कावेने सारवलं गेलं. परसात फणसाखाली अक्कांनी आपल्या हाताने शेणाचा चौकोन सारवला. तो इतका नीट होता की रांगोळी तेवढी घालायची बाकी होती.

त्याच संध्याकाळी प्रभंजनराव छत्रीच्या टोकाला मेजरला घेऊन फणसाखाली गेले. "मेजर, ही जागा," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून उभे राहिले. थोडं सभ्यपणाने, बरंचसं भीतीने. मागे साखळी सैल झाली. मेजरने चौकोन हुंगला आणि आपलं काम उरकलं.

चार दिवस माजघर कोरडं राहिलं. एकादशी गेली. प्रभंजनरावांनी वहीत 'निरंक' असं लिहिलं. आता मुदत संपली होती, म्हणजे खरी भीती सुरू झाली होती : यापुढे एकदा जरी चुकलं तरी दार.

दुसऱ्या दिवशी द्वादशी होती, आणि बुधवार. आदल्या दिवसभर अक्कांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. द्वादशीचं पारणं सकाळी लवकर फेडायचं, नैवेद्य त्याआधी व्हायचा, आणि नैवेद्याचं पान कावेवर मांडायला अक्कांचं मन घेईना. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी उजाडताना माजघर शेणाने सारवून काढलं आणि त्या आत भात उतरवायला गेल्या. कुत्रा त्यांच्या लक्षातच नव्हता.

प्रभंजनराव आंघोळ करून ओल्या पंचाने आले. मेजरची साखळी खुंटीवरून निसटली होती. तो माजघराच्या उंबऱ्यात उभा होता, नाक खाली. मग आत गेला आणि ओल्या शेणावर एक फेरा घेतला. त्या फेऱ्याचा अर्थ त्या घरात आता सगळ्यांना कळत होता. छत्री ओसरीवर होती. बाहेर कुठेतरी बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज येत होता. ती गाडी कुणाची याचा विचार प्रभंजनरावांनी केला की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनीही नंतर सांगितलं नाही.

ते धावले. एकोणचाळीस वर्षांत ज्या प्राण्याला त्यांनी बोट लावलं नव्हतं, त्याच्या गळपट्ट्यात त्यांनी उजवा हात घातला, डावा पोटाखाली घातला, आणि ते धूड उचलून ओल्या जमिनीवरून, स्वयंपाकघराच्या दारासमोरून, परसात नेलं. मध्येच मेजरने मान वळवली. मनगटात काहीतरी रुतलं. प्रभंजनरावांनी त्याला फणसाखाली ठेवला आणि या वेळी पाठ फिरवली नाही. मेजरने आपलं काम केलं.

त्यांनी मनगट पाहिलं. दोन बारीक भोकं, शेजारी शेजारी, प्रत्येकात रक्ताचा एक थेंब.

अक्का दारात आल्या होत्या. माजघरभर पावलं उमटली होती, आणि भावाच्या छातीवर कुत्र्याचे केस चिकटले होते. "पुन्हा आंघोळ कर," त्या म्हणाल्या. मग माजघराकडे बघून म्हणाल्या, "घरात नाही केलं त्याने." एवढं बोलून त्या परत सारवायला बसल्या, या वेळी काव घेऊन.

प्रभंजनरावांनी आंघोळीनंतर लांब बाह्यांचा सदरा घातला.

सरकारी दवाखान्यात पोटात चौदा सुया मिळत होत्या. पण त्या साली नियम असा की सुई टोचण्याआधी कुत्र्याचं आणि मालकाचं नाव लिहून घ्यायचं आणि कागद म्युनिसिपालटीत पाठवायचा. कागद पाठवला की पुढे काय होतं, हे कागदांत जन्म घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते दवाखान्यात गेले नाहीत. चाळीस दिवस मोजायला लागले.

त्या चाळीस दिवसांत ते कसे वागले हे मी रोज पाहत होतो. कारण मात्र मला माहीत नव्हतं. रोज सकाळी ते परसात एक कल्हईचं पातेलं पाण्याने भरून मेजरपुढे ठेवत. मेजर पीत असताना समोर उकिडवे बसून त्याच्या घशाकडे बघत. मग स्वतःचं फुलपात्र उचलत, त्यात बघत, आणि पीत. आधी कुत्रा, मग माणूस. दहाव्या दिवशी मेजर धडधाकट होता. कुत्रा दहा दिवस जगला तर काळजी नाही, असं कुठल्याशा पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक प्रभंजनरावांनी वाचलेलं होतं. पण लक्ष्मण गेला तो पुस्तक निघण्याआधी. ते मोजत राहिले. त्यांनी एकदा कारण नसताना सगळ्या कपाटांच्या किल्ल्या कुठे असतात ते मला दाखवलं. दुसऱ्यांदा विचारलं, "माझ्यामागे अक्काच्या पेन्शनचं काही होतं का हो?" मी म्हणालो, बहिणीला नसतं. ते "बरं" म्हणाले. एकतिसाव्या दिवशी त्यांना घसा दुखतोय असं वाटलं, आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. अडतिसाव्या दिवशी त्यांनी रजा घेतली.

एकेचाळिसाव्या दिवशी ते वेळेवर आले, कोपऱ्यातल्या माठापाशी गेले आणि उभ्या उभ्या तीन पेले पाणी प्याले.

"उन्हातून आला काय, रावसाहेब?" रामूने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "सरळ रस्त्याने आलो."

मग त्यांनी बाही वर करून मला मनगट दाखवलं आणि सगळं सांगितलं. जे दिसतं ते नोंदलेलं असलं पाहिजे, या नियमाप्रमाणे त्यांनी सर्व्हिस बुकात दुसरी खूण स्वतः लिहवून घेतली. लिहिणाऱ्याने कारण विचारलं, तेव्हा 'कुत्र्याचा चावा' असं सांगितलं.

मेजर पुढे सहा वर्षं त्या घरात राहिला आणि म्हातारा होऊन फणसाखालीच गेला. माजघर तोवर कावेनेच सारवलं जात होतं. गळपट्टा प्रभंजनरावांनी कागदात बांधून, वर तारीख घालून कचेरीतल्या कपाटात ठेवला. मौल्यवान वस्तू ठेवण्याची दुसरी जागा त्यांना माहीत नव्हती. १९४४ साली ते निवृत्त झाले आणि कपाट माझ्या ताब्यात आलं. तेव्हा मी तो पुडा परत द्यायला सप्तापुरात गेलो. प्रभंजनरावांनी तो सोडला. पितळी बिल्ला काळा पडला होता. तो बांधलेल्या तांब्याच्या तारेची दोन टोकं अजून तशीच बाहेर होती, रामूला वळवू दिली नव्हती तशी. मला काय वाटलं कोण जाणे, मी ती त्यांच्या मनगटावर धरली.

दोन्ही टोकं दोन्ही ठिपक्यांवर बसली.

प्रभंजनरावांनी थोडा वेळ मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नोंद झालेली आहे आता."

सर्व्हिस बुकात दुरुस्ती झाली नाही. मेजर त्यांना चावला नव्हता.